एका दाढेची पूर्ण केस: मशेरी, शुगर आणि स्क्रूचा दात

ही केस लिहायला पेशंटची परवानगी घेतलीये, नाव लिहीत नाही, काकू म्हणूया. वय ५८, कराडजवळच्या एका गावात राहतात, घरची शेती, डायबेटिस बऱ्याच वर्षांचा, बीपीची गोळी चालू, आणि मशेरी लहानपणापासून. आमच्या भागात इम्प्लांटबद्दल, म्हणजे हाडात स्क्रू बसवून केलेल्या दाताबद्दल, जे प्रश्न येतात ते जवळपास सगळे या एका दाढेत आले म्हणून हीच केस घेतली. लोक आल्या आल्या विचारतात, कितीला पडतो आणि कुठल्या कंपनीचा. विचारायलाच पाहिजे, पैसे काय झाडाला लागत नाहीत. पण त्याच्याही आधी हाड कसं आहे आणि ते हाड ज्या शरीरात आहे त्याची तब्येत कशी आहे हे बघावं लागतं, कारण इम्प्लांट टिकणार की नाही हे स्क्रू बसवायच्या अर्ध्या तासात फार कमी ठरतं, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या महिन्यांत जास्त ठरतं.

काकू आल्या त्या ब्रिज करून घ्यायला. खालची उजवीकडची पहिली मोठी दाढ तीन वर्षांपूर्वी काढलेली. का काढली तर त्या दाढेचं रूट कॅनल झालेलं, दुखायचं थांबलं, मग कॅपचं सुगी झाल्यावर बघू म्हणून राहून गेलं, आणि वर्षभराच्या आत खारे शेंगदाणे खाताना दाढ उभी चिरली. असे पेशंट मी सतत बघते आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं. रूट कॅनलमध्ये दाढ आतून पोकळ होते, भिंती पातळ राहतात, वरून कॅपचा आधार नसेल तर चावताना त्या फाकतात, आणि चीर एकदा मुळात उतरली की ती दाढ बहुतेक वेळा वाचवता येत नाही.

आता तीन वर्षं जागा रिकामी राहिल्यावर तोंडात काय झालं होतं बघा. मागची दाढ पुढे कलली होती, रिकाम्या जागेत झुकल्यासारखी. वरची समोरची दाढ दीडेक मिलिमीटर खाली उतरली होती कारण तिला टेकायला खाली कुणी नव्हतं. आणि चावणं सगळं डाव्या बाजूने, त्यामुळे डावीकडच्या दाढा झिजून थंड-गरम झोंबायला लागलेलं. एक दात गेला तर काय फरक पडतो, दिसत तर नाही, असं लोक म्हणतात, पण तो दिसत नसला तरी आजूबाजूचे सगळे आपली जागा सोडायला लागतात.

"मॅडम, आमच्या जाऊबाईंना आठ दिवसांत फिक्स दात बसवून दिले, मलापण तसंच करून टाका," काकू म्हणाल्या.

जाऊबाईंना मिळाला तो ब्रिज. त्यात रिकाम्या जागेच्या पुढचा आणि मागचा दात चारही बाजूंनी घासून बारीक करतात, त्यावर दोन कॅप येतात आणि मधला खोटा दात त्या दोन कॅपांना जोडलेला असतो. चांगली ट्रीटमेंट आहे, अनेक वर्षं चालते, आणि शेजारच्या दातांना आधीच मोठ्या फिलिंग किंवा कॅप असतील तर मी स्वतः ब्रिजच सुचवते. काकूंच्या केसमध्ये मात्र पुढचा दात अगदी कोरा होता, किडीचा ठिपका नाही, आणि मागची दाढ कललेली असल्यामुळे तिला सरळ कॅप बसवायला खूप जास्त घासावं लागलं असतं, कदाचित तिचंही रूट कॅनल करावं लागलं असतं. म्हणजे एका गेलेल्या दाढेसाठी दोन चांगल्या दातांचं एनॅमल काढायचं, जे परत येत नाही. शिवाय ब्रिजमध्ये खोट्या दाताखालचं हाड मोकळंच राहतं आणि झिजत जातं. काढ-घाल करायची छोटी कवळी हा तिसरा पर्याय, सगळ्यात स्वस्त, पण एका दाढेसाठी ती कवळी बहुतेक जण आठवडाभर वापरतात आणि मग डबीत पडून राहते.

इम्प्लांटमध्ये शेजारच्या दातांना हात लागत नाही. हाडात टायटॅनियमचा एक स्क्रू बसतो, तो मुळाचं काम करतो, त्यावर एक जोड म्हणजे अबटमेंट येतो आणि त्यावर कॅप. काकूंना मी खर्च तेव्हाच कागदावर लिहून दिला, इम्प्लांट, अबटमेंट आणि झिरकोनियाची (दातासारख्या पांढऱ्या सिरॅमिकची) कॅप धरून ३८ हजार, स्कॅनचे ३ हजार वेगळे, आणि ब्रिज केला तर १८ हजार. मोठ्या शहरात हाच आकडा आणखी वर जातो. मेडिक्लेममध्ये हे सहसा बसत नाही, तेही सांगितलं. ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांनी सरकारी डेंटल कॉलेजमध्ये चौकशी करावी, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे आहेत, पदव्युत्तर विद्यार्थी सीनियर डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो पण पैसे बरेच वाचतात.

काकूंच्या मुलीने फोनवरच सांगितलं की इम्प्लांटच करा, पैसे मी देते. मग आम्ही तपासणीला बसलो, आणि मला सांगावं लागलं की आत्ता करता येणार नाही.

हिरड्यांतून हात लावला की रक्त येत होतं, काही दातांभोवती हिरडी सुटून ५ मिलिमीटरपर्यंत खोल पॉकेट झाले होते, मशेरीचा काळा थर आतल्या बाजूने, आणि एचबीएवनसी ९.४. ही टेस्ट मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगते, त्यामुळे आदल्या दिवशी उपास करून ती सुधारत नाही. शुगर इतकी वर असली की जखम हळू भरते, जंतुसंसर्ग लवकर होतो आणि नवीन हाड बनायचं काम मंदावतं. डायबेटिस आहे म्हणून इम्प्लांट होतच नाही हा गैरसमज आहे, कंट्रोलमध्ये असलेल्या पेशंटमध्ये इम्प्लांट छान टिकतात, पण ९.४ ला कंट्रोल म्हणत नाहीत. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, त्यातलं निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करतं, हिरडीला रक्त कमी मिळतं, आणि वर ती बोटाने रोज नेमकी हिरडीवरच घासली जाते. सिगरेट ओढणाऱ्यांमध्ये इम्प्लांट फेल व्हायचं प्रमाण न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त असतं हे पक्कं माहीत आहे, आमच्याकडच्या बायका सिगरेट ओढत नाहीत म्हणून त्यांना कुणी तंबाखूबद्दल नीट विचारतच नाही.

औषधांची यादी घेताना मी एक प्रश्न मुद्दाम वेगळा विचारते, "हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा सलाइनमधून इंजेक्शन घेता का?" कारण गोळ्या कुठल्या विचारलं की पेशंट गोळ्याच सांगतात, वर्षातून एकदा घेतलेलं इंजेक्शन कुणाला औषध वाटतच नाही, आणि झोलेड्रोनिक अ‍ॅसिडसारखं औषध चालू असताना जबड्याच्या हाडात काम केलं तर काही पेशंटमध्ये जखम भरतच नाही, हाड उघडं पडतं. काकूंना तसं काही चालू नव्हतं. तुम्ही आईला किंवा सासूला घेऊन जाणार असाल तर हे आपणहून डॉक्टरांना सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.

तर पहिले चार महिने इम्प्लांटचं काहीच काम झालं नाही. हिरड्यांची खोलवर सफाई, ब्रश कसा धरायचा ते आरशासमोर, त्यांच्या फिजिशियनने शुगरच्या गोळ्या बदलल्या, आणि मशेरी सोडायचा प्रयत्न. मशेरी सोडणं हे या पूर्ण केसमधलं सगळ्यात अवघड काम होतं, हे मी अगदी मनापासून सांगते. त्या बाईने पन्नास वर्षं सकाळी उठल्यावर पहिली गोष्ट तीच केलीये, मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं त्यांना खरंच वाटतं, त्यांना रागावून काही होत नाही. आम्ही आधी दिवसातून चार वेळचं दोनवर आणलं, मग फक्त सकाळी, मग त्या वेळेला बडीशेप आणि लवंग. चार महिन्यांनी एचबीएवनसी ७.३ आला आणि हिरड्यांतलं रक्त थांबलं, तेव्हा सीबीसीटी काढला.

सीबीसीटी म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन. साध्या एक्सरेत उंची दिसते पण रुंदी दिसत नाही, आणि इम्प्लांटला दोन्ही लागतात. दात काढल्यावर पहिल्या वर्षात त्या जागेच्या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, त्यातली बरीचशी पहिल्या तीन महिन्यांत, म्हणून दात काढतानाच पुढे काय करायचं ते ठरवलेलं बरं असतं. काकूंचं नशीब चांगलं, तीन वर्षांनंतरही रुंदी ७.२ मिलिमीटर उरली होती. खालच्या जबड्यात हाडाच्या आतून एक नस जाते, ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी, तिला धक्का लागला तर ओठ बधिर राहू शकतो, कधी कधी कायमचा. हाडाच्या वरच्या कडेपासून त्या नसेपर्यंत १४ मिलिमीटर अंतर होतं. मी ४.२ मिलिमीटर जाडीचा आणि १० मिलिमीटर लांबीचा इम्प्लांट निवडला, म्हणजे दोन्ही बाजूंना दीड दीड मिलिमीटर हाड राहतं आणि खाली नस ४ मिलिमीटर लांब, किमान २ तरी सोडायचंच असतं. वरच्या जबड्यात मागे ही नस नसते पण सायनसची पोकळी असते, तिथे हाड कमी पडलं तर आधी सायनस लिफ्ट करून हाड भरावं लागतं, वेळ आणि खर्च दोन्ही वाढतात.

ऑपरेशनच्या दिवशी काकू घाबरलेल्या होत्या, काका बाहेर बसून. फक्त ती जागा बधिर केली, भूल नाही. हाडात भोक एकदम करत नाहीत, आधी २ मिलिमीटरचा बारीक ड्रिल, मग टप्प्याटप्प्याने जाड, आणि पूर्ण वेळ वरून थंड सलाइनची धार, कारण हाड ४७ अंशांवर एक मिनिट जरी तापलं तरी तिथल्या पेशी मरतात आणि मेलेल्या हाडात इम्प्लांट धरत नाही. हे पेशंटला कळत नाही, त्यांना फक्त तोंडात पाणी साचल्याचा त्रास होतो, पण मला विचाराल तर पूर्ण ऑपरेशनमध्ये ती पाण्याची धार सगळ्यात महत्त्वाची. शेवटी इम्प्लांट हळूहळू फिरवत बसवला, रॅचेटवर ३५ न्यूटन सेंटिमीटरला घट्ट झाला, म्हणजे पकड चांगली मिळाली. डायबेटिसमुळे मी तो हिरडीच्या वर उघडा ठेवला नाही, वर कव्हर स्क्रू म्हणजे छोटं झाकण लावून हिरडी शिवून टाकली.

"झालं? एवढंच? दाढ काढली तेव्हा यापेक्षा जास्त त्रास झाला होता," हे काकूंचं वाक्य मला जवळजवळ प्रत्येक इम्प्लांट पेशंटकडून ऐकायला मिळतं, आणि ते खरं आहे, साध्या केसमध्ये दुखणं कमीच असतं. दोन दिवस गालावर बर्फ आणि सूज, मऊ भात आणि पातळ खिचडी, भाकरी दुधात कुस्करून, पहिले चोवीस तास जोरात चूळ भरायची नाही, मग क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या, दहाव्या दिवशी टाके काढले.

आता पुढे तीन महिने थांबायचं का, बसला ना घट्ट, मग लगेच दात का नाही, हे काकूंनी पण विचारलं. पहिल्या दिवशीची पकड ही नुसती यांत्रिक असते, भिंतीत स्क्रू पिळल्यावर येते तशी. मग शरीर त्या स्क्रूभोवतीचं दाबलं गेलेलं हाड शोषून घेतं आणि नवीन हाड तयार करतं, आणि या अदलाबदलीत तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास इम्प्लांट पहिल्या दिवसापेक्षा कमी घट्ट असतो. पेशंटला तेव्हा काहीच दुखत नसतं, सगळं बरं झालंय असं वाटत असतं, आणि नेमकं तेव्हाच त्यावर जोर पडला तर हाडाऐवजी मऊ तंतूंचा थर तयार होतो आणि इम्प्लांट हलायला लागतो. काही केसमध्ये, विशेषतः पुढच्या दातांना, त्याच दिवशी टेम्पररी दात देता येतो, पण मागच्या दाढेला, शुगर असताना, मी ती घाई करत नाही.

टायटॅनियमला हाड असं चिकटतं हे कळलं तेही गंमतीशीरच. १९५२ च्या सुमारास स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात रक्तप्रवाह कसा चालतो ते बघत होते, त्यासाठी हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवली होती, आणि प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले तर निघेना, हाड तिच्याशी एकजीव झालेलं. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन नावाच्या पेशंटच्या खालच्या जबड्यात चार इम्प्लांट बसवले, त्यांना जन्मापासूनच जबड्याचा दोष होता. लार्सन २००६ मध्ये वारले तोपर्यंत ते इम्प्लांट काम करत होते, म्हणजे चाळीस वर्षांच्या वर. किती वर्षं टिकतं विचारणाऱ्यांना मी हेच सांगते, आणि हेही सांगते की सगळ्यांचं तसं होत नाही, मोठ्या अभ्यासांमध्ये दहा वर्षांनी शंभरातले नव्वदच्या वर इम्प्लांट जागेवर असतात, म्हणजे काहींचे जातातही.

सहाव्या आठवड्यात काकूंच्या मुलीचा फोन. माहेरच्या लग्नात चार दिवस राहून आल्या आणि तिथे सगळ्या बहिणींबरोबर मशेरी परत सुरू झाली. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "एकच बोट लावत होते हो मॅडम, ती बाजू सोडून." हिरडी एका बाजूने थोडी उघडली होती, कव्हर स्क्रूची कड दिसत होती, पू नव्हता, इम्प्लांट हलत नव्हता. तिथली साफसफाई केली, क्लोरहेक्सिडिनचं जेल लावायला दिलं, दर आठवड्याला बोलावलं, आणि तीनाऐवजी चार महिने थांबायचं ठरवलं. त्या दिवशी मी त्यांना त्यांच्याच मोबाइलवर त्या जागेचा फोटो काढून दिला. नंतर मुलीने सांगितलं की मशेरीची डबी त्यांनी स्वतःच फेकून दिली, माझ्या बोलण्याने नाही, त्या फोटोने.

चार महिन्यांनी एक्सरेत इम्प्लांटभोवती हाड व्यवस्थित दिसलं. हिरडीला छोटा छेद देऊन हीलिंग कॅप, म्हणजे हिरडीला आकार देणारं तात्पुरतं झाकण, लावली, दोन आठवड्यांत हिरडी तिच्याभोवती आकाराला आली, मग स्कॅनरने माप घेऊन लॅबला पाठवलं. वरची खाली उतरलेली दाढ किंचित घासून सारखी केली. कॅप सिमेंटने न चिकटवता स्क्रूने बसवायची ठरवली, कारण सिमेंटचा बारीक कण हिरडीखाली राहिला तर तिथे सूज धरते, आणि उद्या काही झालं तर स्क्रू काढून कॅप बाहेर घेता येते.

कॅप बसवताना निळा कागद दातांत धरून चावायला लावतो तो भाग जरा समजून घ्या. आपल्या खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंची पातळ गादी असते, चावताना दात शंभरेक मायक्रॉनपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत दबतो आणि किती जोर लागतोय ते मेंदूला कळवतो. इम्प्लांटला ती गादी नाही, तो थेट हाडात, पाचेक मायक्रॉनच्या वर हलत नाही. म्हणून इम्प्लांटची कॅप मी हलक्या चावण्यात अगदी निसटती लागेल अशी ठेवते, जोरात चावल्यावर बाकीचे दात दबले की मग ती बरोबरीने लागते. काकूंना आधी वाटलं की दात नीट टेकतच नाहीये, त्यांना दोन वेळा समजावून सांगावं लागलं. रात्री दात खाणाऱ्या पेशंटना तर यासाठी नाइट गार्ड द्यावाच लागतो.

टायटॅनियमला कीड लागत नाही हे बरोबर, पण त्याच्याभोवतीच्या हिरडीला आणि हाडाला आजार होतो, त्याला पेरीइम्प्लांटायटिस म्हणतात, आणि तो बहुतेक वेळा न दुखता वाढतो. काकूंना बारीक बाटलीच्या ब्रशसारखा इंटरडेंटल ब्रश दिला, रोज रात्री त्या दाढेच्या दोन्ही बाजूंनी फिरवायचा. इम्प्लांटच्या पाकिटावरचा स्टिकर, कंपनी, साइज, लॉट नंबर, एका कार्डवर चिकटवून दिला आणि त्यांच्या आधार कार्डाबरोबर ठेवायला सांगितला. प्रत्येक कंपनीचा स्क्रूचा माप वेगळा असतो, दहा वर्षांनी दुसऱ्या गावातल्या डॉक्टरला जोड बदलायचा असेल तर हे कार्ड नसताना तो अक्षरशः अंदाजाने शोधत बसतो. तुमचा इम्प्लांट झाला असेल आणि कार्ड मिळालं नसेल तर आजच मागून घ्या. आणि लाइफटाइम वॉरंटी लिहिलेली असली तर ती कशाची ते वाचा, बहुतेक वेळा ती फक्त हाडातल्या स्क्रूची असते, कॅपची आणि डॉक्टरच्या फीची नाही.

वर्षाच्या एक्सरेत वरच्या कडेचं हाड ०.७ मिलिमीटर उतरलेलं दिसलं, पहिल्या वर्षात इतकं चालतं, नंतर ते स्थिर राहायला पाहिजे. एचबीएवनसी ७.१. हिरडीतून रक्त नाही. काकू उजवीकडून ज्वारीची भाकरी आणि ठेचा खातात, ऊस मात्र मी नाही म्हटलंय.

आता काकांचं चाललंय. त्यांचे खालचे सगळे दात गेलेत, खालची कवळी बोलताना उचलते, जेवताना त्याखाली दाणे जातात. त्यांना पूर्ण जबडाभर इम्प्लांटची गरज नाही, पुढच्या भागात दोन इम्प्लांट बसवून त्यावर बटणासारखी अडकणारी कवळी देता येते, २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी बिनदाती खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा असं म्हटलं होतं. स्कॅन झालाय, पुढे हाड भरपूर आहे. अँजिओप्लास्टीमुळे रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत, त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत असं त्यांना बजावून सांगितलंय, हार्टच्या डॉक्टरांची चिठ्ठी आली की तारीख ठरवू.